फोटोशॉप परवडत नाही, मग काय वापरू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल होते. हौसेखातर कार्ड, पोस्टर, स्टिकर, जुन्या फोटोचं काम करायचंय, महागडं सॉफ्टवेअर झेपत नाही, तर काय घ्यायचं. मीपण हे काम पोटापाण्यासाठी करत नाही, आवडतं म्हणून करते आणि बरीच वर्षं करतेय, त्यामुळे या पत्रांतली तगमग मला चांगलीच ओळखीची आहे. म्हणून या महिन्याचं सदर सगळं याच विषयाला देऊन टाकलंय.

प्रश्न : ताई, मी नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी वाढदिवसाची कार्डं, मुलांच्या नाटकाचं पोस्टर असलं काहीबाही करत बसते. फोटोशॉपची ट्रायल संपली, आता दर महिन्याला पैसे भरा म्हणतंय. महिन्यातून दोनदा उघडणार, त्यासाठी कायमचं भाडं भरायचं जिवावर येतं. फुकट किंवा एकदाच पैसे देऊन मिळणारं चांगलं काही आहे का? नेटवर शोधलं की दहा नावं समोर येतात आणि डोकं फिरतं.

जिवावर येणारच हो. फोटोशॉप १९९० साली पहिल्यांदा बाजारात आलं आणि त्यानंतर वीसेक वर्षं ते एकदा विकत घ्यायचं आणि वापरायचं अशीच पद्धत होती. २०१३ मध्ये ते बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीने सांगितलं की सीएस६ ही तशी शेवटची आवृत्ती, इथून पुढचं सगळं वर्गणीवर. जो माणूस रोज आठ तास त्यात काम करतो आणि त्यावर कमावतो त्याला ते परवडतं, पण तुमच्या-माझ्यासारख्यांचं मीटर आपण झोपलो असलो तरी चालूच राहतं.

आता नावांकडे येण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण त्यातूनच मी निवडायला शिकले. काही वर्षांपूर्वी मी एक वर्गणीवालं डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरायचे, नाव महत्त्वाचं नाही. त्यात दोन वर्षांत साठ-सत्तर कार्डं केली होती. मग मध्ये घरात आजारपण आलं, काही महिने हात लावला नाही, वर्गणी बंद केली. नंतर भाचीच्या कार्डातलं फक्त एक नाव बदलायचं होतं म्हणून जुनी फाइल उघडायला गेले, तर ती फाइल दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅममध्ये उघडेना, आणि त्यांच्याकडे उघडायची तर पुन्हा पैसे. चित्र मी काढलेलं, रंग मी लावलेले, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. माझ्याकडे उरले होते ते फक्त चपटे जेपीईजी. त्या दिवशी ते कार्ड मी पहिल्यापासून परत केलं, रडकुंडीला येऊन.

तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना मी किंमत दुसऱ्या नंबरवर बघते. आधी बघते की माझी फाइल, म्हणजे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) सुटे असलेली, अक्षरं बदलता येणारी मूळ फाइल, यातून बाहेर काढता येते का आणि दुसरीकडे उघडते का. हे जमत नसेल तर फुकटचं सॉफ्टवेअरसुद्धा महागात पडतं.

आता नावं. तुमचं काम म्हणजे फोटो, थोडी चित्रं आणि भरपूर अक्षरं, असं धरून सांगते.

येत्या सुट्टीला काहीही इन्स्टॉल न करता फोटोपी उघडून बघा. ते ब्राउझरमध्येच चालतं, इव्हान कुत्स्किर नावाच्या प्रोग्रॅमरने बनवलंय, आणि तुम्ही ट्रायलमध्ये जे शिकलात ते जवळजवळ सगळं तिथे त्याच जागी सापडेल कारण मेनू, टूल, शॉर्टकट सगळी ठेवण फोटोशॉपसारखीच आहे. ट्रायलमध्ये बनवलेल्या तुमच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या मूळ फाइलीपण उघडतील, लेयरसकट. फाइल कुठल्या सर्व्हरवर चढत नाही, तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. फुकट वापरलं तर बाजूला जाहिराती दिसतात आणि तेवढी जागा जाते, लहान स्क्रीनवर ते जाणवतं.

दुसरं अफिनिटी. हे आधी एकदाच पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर होतं, सेरिफ नावाची कंपनी बनवायची, २०२४ मध्ये ती कंपनी कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनवाल्या कंपनीने घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये फोटो, चित्र आणि पानाची मांडणी असे तिन्ही भाग एकत्र करून ते फुकट दिलं. कॅनव्हाचं खातं काढावं लागतं आणि एआयवाली टूल्स पाहिजेत तर पैसे आहेत, बाकी नाही. देखणं आहे, पटपट चालतं, पोस्टरसाठी तर फारच छान. फक्त मी वर सांगितलं ते इथे लक्षात ठेवा, त्याची स्वतःची फाइल ही त्याचीच आहे, म्हणून महत्त्वाचं काम झालं की पीएसडी आणि पीडीएफ अशा दोन प्रती बाहेर काढून ठेवायच्या.

तिसरं गिम्प. १९९५ मध्ये बर्कलीच्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, आजही जगभरातले लोक मिळून बनवतात, आणि त्याचा कोडच सगळ्यांसाठी खुला असल्यामुळे उद्या कुणी येऊन आता पैसे द्या म्हणू शकत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये ३.० आवृत्ती आली आणि तिच्यात खूप वर्षं रखडलेली एक गोष्ट झाली, म्हणजे फिल्टर लावल्यावर तो नंतरही बदलता किंवा काढून टाकता येतो, मूळ फोटो खाली शाबूत राहतो. ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी गिम्प बघून सोडून दिलं त्यांनी परत बघावं असं मी मनापासून म्हणेन.

मी तुमच्या जागी असते तर फोटोपीवर महिनाभर काढला असता आणि त्यात कुठे अडतंय ते बघून मग अफिनिटी किंवा गिम्प घेतलं असतं. दहा नावं एकदम डाउनलोड करू नका, दहाही अर्धवट राहतात.

फोटोशॉप इलेमेंट्स नावाची धाकटी आवृत्तीपण आहे, एकदाच पैसे देऊन मिळते, पण २०२५ च्या आवृत्तीपासून तिचा परवाना तीन वर्षांचाच असतो, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

प्रश्न : तुमच्यासारख्याच कुणाचं ऐकून गिम्प टाकलं आणि पहिल्याच दिवशी वैतागलो. खोडरबर फिरवला तर मागचं पारदर्शक व्हायच्या ऐवजी पांढरा रंग लागतो. दुसरा फोटो आणून मोठ्या कागदावर ठेवला तर त्याच्या कडेच्या बाहेर ब्रशच चालत नाही. सेव्ह केलं तर अशी फाइल झाली की कुणाला पाठवली तरी उघडत नाही. हे माझं चुकतंय की सॉफ्टवेअरच असं आहे?

तुमचं काही चुकत नाहीये. या तीन जागा अशा आहेत की तिथे जवळजवळ प्रत्येक जण अडकतो, आणि तिन्हीचं कारण कळलं की गिम्प एकदम सोपं वाटायला लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खोडरबराचं असं आहे की जेपीईजी फोटोमध्ये पारदर्शकता नावाची गोष्टच नसते, प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा एवढ्या तीनच किमती. पारदर्शक किती हे सांगणारी चौथी किंमत म्हणजे अल्फा चॅनेल. तो नसेल तर गिम्पला खोडल्यावर तिथे काय ठेवायचं तेच कळत नाही, मग तो बॅकग्राउंडचा रंग भरतो, तोच तुमचा पांढरा. लेयरच्या यादीत त्या लेयरवर राइट क्लिक करा, अ‍ॅड अल्फा चॅनेल निवडा, आता खोडा. करड्या रंगाचे चौकोन दिसायला लागले की झालं.

ब्रश न चालण्याचं कारण म्हणजे गिम्पमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःचा आकार असतो. तुम्ही मोठ्या पानावर छोटा फोटो आणलात तर तो लेयर फोटोएवढाच राहतो, त्याच्या भोवती तुटक रेघ दिसते बघा, त्या रेघेच्या बाहेर त्या लेयरला कागदच नाही. लेयर मेनूमध्ये लेयर टू इमेज साइझ आहे, ते एकदा दाबलं की लेयर पानाएवढा होतो. सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटायचं. नंतर स्टिकर करताना कळलं की उपयोगी पण आहे, कारण प्रत्येक तुकडा त्याच्या आकारासकट सरकवता येतो.

आणि सेव्ह. गिम्पमध्ये सेव्ह म्हणजे मूळ फाइल जपणं, ती एक्ससीएफ असते, लेयर, मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा), अक्षरं सगळं त्यात राहतं. लोकांना पाठवायची ती फाइल एक्सपोर्ट करायची, कंट्रोल-शिफ्ट-ई, आणि तिथे नावाच्या शेवटी पीएनजी किंवा जेपीईजी लिहायचं. ही कटकट वाटते पण हीच सवय तुमचं काम वाचवते. बाकी ठिकाणी लोक चुकून मूळ फाइलच जेपीईजी करून बसतात आणि दुसऱ्या दिवशी अक्षर बदलायला गेले की अक्षर चित्रात चिकटलेलं.

जेपीईजीचं अजून एक सांगते. ती फाइल लहान करण्यासाठी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारकावा थोडा टाकून देते. उघडलं, बदललं, परत जेपीईजी केलं, असं पाच-सहा वेळा करा आणि काळ्या अक्षराच्या कडेला ४०० टक्के झूम करून बघा, अक्षराभोवती मळकट ठिपक्यांची झालर दिसेल. ती परत निघत नाही. म्हणून काम चालू असेपर्यंत एक्ससीएफ आणि सगळ्यात शेवटी एकदाच जेपीईजी.

प्रश्न : मराठी मजकूर टाकला की अक्षरं फुटतात. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो. कुठलं सॉफ्टवेअर मराठी नीट लिहितं?

हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला, कारण सॉफ्टवेअरची तुलना करणारे बहुतेक लोक याकडे बघतच नाहीत आणि आपल्यासाठी तर कार्डाचा अर्धा जीव अक्षरात असतो.

देवनागरीत आपण टाइप करतो तो क्रम आणि दिसतो तो क्रम वेगळा असतो. ‘वि’ लिहिताना आधी व टाइप होतो, मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी व च्या आधी यायला हवी. ‘र्थी’ मधला र आधी टाइप होतो पण रफार होऊन थी च्या डोक्यावर जाऊन बसतो. ही जुळवाजुळव सॉफ्टवेअरमधलं टेक्स्ट इंजिन करतं, आणि ज्याच्यात ते नाही तिथे अक्षरं एकापुढे एक नुसती मांडली जातात.

म्हणून मी कुठलंही नवीन सॉफ्टवेअर उघडलं की सगळ्यात आधी एकच शब्द टाइप करते, विद्यार्थी. यात पहिली वेलांटी, द्य चं जोडाक्षर आणि रफार तिन्ही आहेत. तो नीट आला की पुढे जायचं, नाही आला तर त्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी कितीही छान असलं तरी मराठी कार्डासाठी ते नको. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाचा रिव्ह्यू वाचायची गरज नाही.

गिम्प आणि लोगोच्या कामाचं इंकस्केप (त्याबद्दल पुढे सांगते) ही दोन्ही या परीक्षेत व्यवस्थित पास होतात, मी रोज वापरते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागायचं, ते न केल्यामुळे कित्येक जण फॉन्टला दोष देत बसले.

फॉन्ट युनिकोड हवा. जुने फॉन्ट असायचे त्यात आपण खरं तर इंग्रजी अक्षरंच टाइप करत असायचो, फक्त त्यांच्या जागी मराठी चित्रं दिसायची, म्हणून ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की नुसती खिचडी. मुक्त, बलू असे खुल्या परवान्याचे चांगले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. आणि ल आणि श कडे लक्ष द्या, बऱ्याच फॉन्टमध्ये हे दोन हिंदी वळणाचे येतात. तिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत असतात, तिथे मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. गिम्पच्या टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा निवडायची जागा आहे. मी एकदा मोठ्या पोस्टरवर ल बदलून बघितला आणि अख्खा मजकूर घरचा वाटायला लागला.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. यावर काही चालेल का?

चालेल, फक्त पान केवढं आणि लेयर किती ते सांभाळा. ए४ कागद ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, साधारण ८७ लाख ठिपके, प्रत्येकाला चार किमती, म्हणजे एक भरलेला लेयर मेमरीत जवळजवळ ३५ एमबी. वीस लेयर झाले की ७०० एमबी, शिवाय अनडूसाठी जुन्या प्रती धरून ठेवल्या जातात त्या वेगळ्या. त्यात ब्राउझरच्या पंधरा टॅब उघड्या असतील तर लॅपटॉप बसणारच.

विंडोज असेल तर पेंट डॉट नेट बघा. २००४ मध्ये विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेलं छोटं, हलकं सॉफ्टवेअर आहे, त्यांच्या साइटवरून फुकट मिळतं, विंडोजच्या स्टोअरमधून घेतलं तर पैसे पडतात. लेयर आहेत, साध्या फोटोकामाला पुरेसं आहे. अडचण एकच, त्यात अक्षरं लिहून बाजूला क्लिक केलं की ती चित्र होतात, परत बदलता येत नाहीत, म्हणून मजकूर सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या लेयरवर टाकायचा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मित्राने फोटोशॉपचं क्रॅक व्हर्जन पेन ड्राइव्हवर दिलंय, सगळेच वापरतात म्हणतो. टाकू का?

नको रे टाकूस. चोरीचा मुद्दा तर आहेच, तो तुलाही कळतो म्हणूनच तू विचारलंस. पण तुझ्या कॉम्प्युटरच्या बाजूने पण बघ. क्रॅक चालवताना पहिली सूचना काय असते, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे कुणी अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्रॅम, पहारेकरी झोपवून, तू स्वतःच्या हाताने पूर्ण अधिकार देऊन चालवणार. त्यात तुझे पासवर्ड, तुझ्या घरच्यांचे बँकेचे व्यवहार, सगळं त्याच कॉम्प्युटरवर.

फुकटचं खरं सॉफ्टवेअर घेतानासुद्धा दार नीट बघून घ्यायचं. २०२२ मध्ये गूगलच्या शोधात गिम्पची म्हणून एक जाहिरात वर दिसत होती, जाहिरातीत पत्ता खरा दिसायचा पण क्लिक केल्यावर अगदी तशाच दिसणाऱ्या खोट्या साइटवर जायचं आणि तिथून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरायचा. म्हणून जाहिरातीवर क्लिक न करता गिम्प डॉट ओआरजी, क्रिता डॉट ओआरजी, इंकस्केप डॉट ओआरजी असे पत्ते स्वतः टाइप करायचे.

आणि चित्र काढायची आवड असेल तर तू सरळ क्रिता हे चित्रकलेचं फुकट सॉफ्टवेअर घे. ब्रश इतके सुंदर आहेत, हात हलला तरी रेघ सावरून घेणारी सोय आहे, अ‍ॅनिमेशनपण करता येतं. फोटोशॉप येतं हे सांगण्यापेक्षा तू काढलेली वीस चित्रं दाखवलीस तर कुठेही जास्त मोल आहे. नंतर कधी फोटोशॉप लागलंच तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत असते, आणि लेयर, मास्क, कर्व्ह हे क्रितामध्ये शिकलेलं तिथे जसंच्या तसं लागू पडतं.

प्रश्न : आमच्या हौशी ग्रुपचा लोगो मी बनवला, स्क्रीनवर मस्त दिसत होता. टी-शर्टवर मोठा छापला तर कडा फाटलेल्या आल्या आणि भडक हिरवा होता तो मरगळलेला शेवाळी आला. सॉफ्टवेअर फुकटचं होतं म्हणून असं झालं का?

नाही, महागडं असतं तरी हेच झालं असतं. दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात.

कडा फाटल्या कारण लोगो ठिपक्यांचा होता. गिम्प, फोटोशॉप, पेंट डॉट नेट ही सगळी मुळात ठिपक्यांची सॉफ्टवेअरं. ५०० ठिपक्यांचं चित्र दहा इंचांवर ताणलं की एका इंचाला ५०च ठिपके उरतात, छापायला साधारण ३०० लागतात. लोगोसाठी व्हेक्टर हवं, म्हणजे इथून इथे रेघ, एवढी वळलेली, अशी सूचना साठवणारी फाइल, ती बटणाएवढी छापा नाहीतर भिंतीएवढी, कड तशीच धारदार. त्यासाठी इंकस्केप आहे, फुकट, २००३ पासून चालू, आणि त्याची फाइल एसव्हीजी म्हणजे सगळ्यांसाठी खुला असलेला प्रकार, ब्राउझरमध्येसुद्धा उघडते. तुमचा आहे तो लोगो इंकस्केपमध्ये आणून पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप करून बघा, साधा दोन-तीन रंगांचा असेल तर बरंच काम होईल. पण माझं ऐकाल तर ट्रेस खाली ठेवून त्यावर हाताने पेन टूलने परत काढा. ट्रेस केलेल्या एका साध्या गोलाला चाळीस बिंदू येतात आणि कड थरथरल्यासारखी दिसते, तोच गोल हाताने चार बिंदूंत होतो. एक संध्याकाळ जाईल पण मग तो लोगो कायमचा तुमचा.

रंगाचं कारण वेगळं. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, लाल-हिरवा-निळा मिसळून, आणि छपाई शाईने करते, निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. चमकणारा हिरवा, विजेसारखा निळा, गुलाबी-नारिंगी हे रंग त्या चार शायांमधून येतच नाहीत, मग मशीन त्यातल्या त्यात जवळचा देतं. गिम्पमध्ये आणि क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफिंग आहे, छापणाऱ्याकडून त्याचं कलर प्रोफाइल मागून घ्या आणि ते लावून स्क्रीनवरच आधी बघा, रंग कुठे मरतोय ते कळतं. क्रितामध्ये तर पहिल्यापासून सीएमवायके, म्हणजे याच चार शायांच्या मोडमध्येच काम करता येतं. आणि मोठी ऑर्डर द्यायच्या आधी एकच टी-शर्ट छापून हातात घेऊन बघा.

याच संदर्भात, मेसेजमधून आलेला फोटो छापायला घेऊ नका. पाठवताना तो लहान केलेला असतो, लांब बाजू १६०० पिक्सेल उरली असेल तर ३०० ने भागा, जेमतेम सव्वापाच इंच. मूळ फोटो ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा.

प्रश्न : फक्त मोबाइलवर किंवा टॅबवर होईल का सगळं?

पोस्ट, साधं कार्ड, फोटोचा उजेड नीट करणं हे होतं, स्नॅपसीड आणि कॅनव्हा त्यासाठी पुरेत. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट एकदाच पैसे देऊन मिळतं आणि चित्रकलेला फार गोड आहे. बारीक कापाकापी आणि छपाईच्या फाइली मात्र मोठ्या स्क्रीनवरच करा, बोटाखाली नेमकी तीच कड झाकली जाते जी आपल्याला बघायची असते.

प्रश्न : आजीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, काळा-पांढरा, ओरखडे पडलेला, एक कोपरा दुमडून फाटलेला. दुकानात द्यायची भीती वाटते. मी स्वतः फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये करू शकेन का? मला फार काही येत नाही.

कराल, आणि तुम्हीच करा असं मी म्हणेन. आजीच्या गालावरची ती खूण डाग आहे की तीळ हे तुम्हालाच माहीत, दुसरा कुणी सरळ पुसून टाकेल. आपोआप दुरुस्त करणारी एआयची टूल्स आता भरपूर आहेत, पण ती चेहरा स्पष्ट करताना नसलेले बारकावे स्वतःच्या मनाने भरतात, फोटो गुळगुळीत होतो आणि आजी दुसरीच कुणीतरी दिसायला लागते. एकच फोटो असताना ते मला नको वाटतं.

सगळ्यात आधी स्कॅन. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयला करा, काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडमध्ये करा कारण पिवळे डाग रंगामुळे वेगळे ओळखू येतात, आणि फाइल जेपीईजीऐवजी टिफ या प्रकारात ठेवा. काच आधी मऊ कापडाने पुसा, नाहीतर काचेवरची धूळ साफ करण्यात दोन तास जातील. ही स्कॅनची फाइल दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा आणि तिला परत हात लावू नका.

मग गिम्पमध्ये उघडा, लेयर डुप्लिकेट करा, खालचा तसाच राहू द्या, काम वरच्यावर. हील टूल घ्या, शॉर्टकट एच, ओरखड्याच्या शेजारची चांगली जागा कंट्रोल दाबून क्लिक करा आणि मग ओरखड्यावर छोटे छोटे टिचके मारत जा, लांब फराटा ओढू नका. ब्रश ओरखड्यापेक्षा जेमतेम मोठा. हील टूल शेजारचा पोत घेतं आणि उजेड-सावली त्या जागेची ठेवतं, म्हणून त्वचेवर आणि भिंतीवर ते छान बसतं. पण जिथे साडीचा काठ किंवा केसांची कड आहे तिथे ते दोन्हीकडचे रंग मिसळून धुरकट करतं, तिथे क्लोन टूल घ्या, शॉर्टकट सी, ते जसंच्या तसं उचलून ठेवतं. फाटलेल्या कोपऱ्यात फक्त मोकळी पार्श्वभूमी असेल तर क्लोननेच भरून निघेल.

मधून मधून वरच्या लेयरचा डोळा बंद-चालू करून बघत राहा. मूळ फोटोतलं काही जास्तच गेलं असेल तर लगेच दिसतं, आणि लेयर मास्क लावून काळ्या ब्रशने तेवढी जागा परत आणता येते. रोज अर्धा तास करा, सलग चार तास बसलात तर डोळे थकतात आणि मग सगळंच खोडावंसं वाटायला लागतं.

आणि सुरुवात चेहऱ्यापासून करू नका. मागच्या भिंतीवरचा एखादा ओरखडा घ्या, मग साडीवरचे, हात बसला की हाताची बोटं, आणि चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी या. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एखादी बारीक रेघ राहिलीच तर राहू द्या.